१५०० रुपये आणि सक्करची सून

विठ्ठलवाडी स्टेशनावरून भाजी घेऊन आलेल्या काकू आधी घरात जात नाहीत, आधी आमच्या कुंपणाशी येतात.

“काय गं, भाभीच्या सुनेला लाडक्या बहिणीचे पैसे नाहीतच म्हणे?”

“मिळणार कसे? पासपोर्ट पाकिस्तानातल्या सक्करचा.”

“अगंबाई! पण आधार कार्ड आहे की तिचं. मी बघितलंय, फोटोत डोळे मिटलेत.”

“लाँग टर्म व्हिसावर आधार निघतं, पॅन निघतं, बँकेत खातंही उघडतं. पण त्याने कुणी नागरिक होत नाही, काकू. तहसीलच्या दाखल्यावर काय लिहिलेलं असतं? वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास. मधल्यावरच गाडी अडते.”

“नवरा तर इथलाच, कँपातला! आमच्या इंदूरच्या सुनेचं काम नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर झालं.”

“इंदूर परराज्य. सक्कर परदेश.”

“आणि मागच्या चाळीतला बिहारी? तो गावच्या रेशनकार्डावर इथे तांदूळ उचलतो ते?”

“ते धान्य केंद्राचं, देशात कुठेही मिळतं. १५०० राज्याचे. त्याच्या बायकोला विचारा, १५ वर्षांपूर्वीचं इथलं रेशनकार्ड नाहीतर मतदार कार्ड कुठून आणणार ती?”

काकूंनी मेथीची जुडी या काखेतून त्या काखेत घेतली. “पण सुनेचा चुलत सासरा झाला ना नागरिक?”

“ते २०१३ला आले. सीएएला ३१ डिसेंबर २०१४च्या आत आलेलं लागतं. ही लग्न होऊन आली २०१९ला. नागरिकाची बायको म्हणून अर्ज करायचा तरी आधी सात वर्षं इथे काढायची.”

“हे आताचे नखरे. फाळणीत कराचीहून बोटी भरून आले, त्यांना या कँपात बराकी दिल्या, फुकट रेशन दिलं. कुणी तारीख विचारली?”

(विचारली होती. घटनेत १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. त्याआधी येऊन राहिलेले आपोआप नागरिक, नंतरच्यांना नोंदणी करावी लागली. पण काकूंना घटना सांगायला कुणाची छाती आहे?)

“पोरगी गुणाची आहे गं,” काकू म्हणाल्या. “कागद येईपर्यंत पासष्टी उलटली नाही म्हणजे मिळवली. पुढे योजनेत बसायची नाही.”

“तुमचे येतात ना वेळेवर?”

काकूंनी मागे वळून बघितलं. “हळू बोल. ई-केवायसीत ह्यांचा आधार नंबर मागितलाय, आणि चारचाकी ह्यांच्याच नावावर आहे.”