टाइमटेबलभाऊ

परभणीत वसमत रोडला जा नाहीतर जिंतूर रोडला, स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही अभ्यासिकेचा जिना चढून चपलांचा ढीग ओलांडला की कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एक भाऊ असतोच. खुर्चीवर घरून आणलेली उशी, टेबलावर पाण्याची बाटली आणि समोर भिंतीला चिकटवलेलं रंगीत कार्डशीट. भाऊ पाथरीचा असेल, पालमचा असेल किंवा गंगाखेडचा, वाण एकच. अख्खी अभ्यासिका त्याला टाइमटेबलभाऊ म्हणते आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

रविवारी मेसमधलं गोडाचं जेवण झालं की भाऊ कामाला लागतो. पांढरंशुभ्र कार्डशीट, चार रंगांची स्केचपेनं, फूटपट्टी. आधी पेन्सिलनं हलक्या रेघा. एखादी केसभर तिरकी गेली तर खोडरबर आणि पुन्हा पहिल्यापासून. इतिहास पिवळा, भूगोल हिरवा, अर्थशास्त्र निळं, रिव्हिजन लाल. पहाटे साडेचारला उठणे. पाच ते सहा कृषी विद्यापीठात पळणे. ६:१० ते ६:२० अंघोळ, म्हणजे केस धुवायचा विषयच नाही. ११:०५ ते ११:१५ चहा. सगळ्यात खाली दुहेरी चौकटीत ‘मोबाईल बंद’. दिवेलागणीला काम संपतं. मग त्याच मोबाईलवर कार्डशीटचा फोटो निघतो, स्टेटसला चढतो आणि ‘भाऊ, पोस्ट फिक्स!’ असे निरोप येत राहतात. त्यांना उत्तरं देता देता रात्रीचा एक वाजतो.

सोमवारी भाऊ उठतो साडेआठला. त्या वेळी कार्डशीटवर तो हिरव्या रकान्यात असायला हवा. मधूनच कसं शिरायचं? दिवस मोडला. मंगळवार हा मोडलेल्या आठवड्यातला, त्याला कोण विचारतं? म्हणून पुढचा सोमवार. त्या सोमवारी गावाकडं लग्न, त्याच्या पुढं पोळा, मग महालक्ष्म्या, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. उरूस भरलेला असताना अभ्यासाला बसणं परभणीच्या माणसाला शोभत नाही.

दर नव्या कार्डशीटला अभ्यास पहिल्या पानापासून सुरू होतो, कारण अर्धवट वाचलेलं भाऊला चालत नाही. त्याचं राज्यघटनेचं पुस्तक, म्हणजे ‘लक्ष्मीकांत’, उघडून बघा. १७७३ चा नियामक कायदा पिवळा, गुलाबी आणि हिरवा अशा तिन्ही रंगांत न्हालेला. तिथली पानं हाताच्या घामानं मऊ पडली आहेत. वॉरन हेस्टिंग्ज त्याला घरच्या माणसासारखा पाठ. मात्र ७३ व्या घटनादुरुस्तीपाशी, जिथं त्याच्याच गावची ग्रामपंचायत येते, तिथली पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

गावाकडून आबांचा फोन येतो.

“काय करायलास?”

“अभ्यास करायलो, आबा.”

“जेवलास का?”

“हाव. पाऊस झाला का तिकडं?”

“झाला थोडा. पण वापसा नाही अजून. विद्यापीठवाले म्हणायलेत, पाऊणशे-शंभर मिलिमीटर पडल्याबिगर पेरू नका.”

भाऊला ही शिफारस मनापासून पटते. त्याचंही तेच आहे. मनाला नीट वापसा आल्याशिवाय अभ्यास पेरायचा नाही. फरक इतकाच की आबांची दुबार पेरणी झाली तर बियाण्याचे पैसे जातात, भाऊचं फक्त एक कार्डशीट. “पैसे पाठवू का?” असं आबा विचारतात आणि सोयाबीनच्या भावाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फोन ठेवल्यावर भाऊच्या छातीत काहीतरी जड होतं. अशा वेळी दुसरा कुणी सिगारेट पेटवेल. भाऊ फूटपट्टी काढतो. रेघा मारता मारता त्याचा श्वास जागेवर येतो. आपण म्हणतो, हा वेळ वाया घालवायला बसला. खरं तर तो औषध घ्यायला बसलेला असतो.

अकरा-पाचच्या चहाला भाऊ वेळेवर हजर असतो. हा एकच रकाना त्यानं आजवर चुकवलेला नाही. फक्त दहा मिनिटांचा चहा तासभर चालतो. टपरीवर तो नव्या पोरांना ताणतणावाचं व्यवस्थापन शिकवतो. तो सांगतो, इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लोनं विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. भाऊनं यातली विश्रांती आधी आत्मसात केली आहे.

गंमत अशी की भाऊनं करून दिलेल्या टाइमटेबलवर पोरं पास होतात. एक तलाठी झाला, एक पोलीस भरतीत लागला. सत्काराला भाऊ पहिल्या रांगेत असतो, टाळ्या मनापासून वाजवतो. दुसऱ्याचं टाइमटेबल करताना तो एकच प्रश्न विचारतो, “उठतोस किती वाजता? खरं सांग बे.” पोरगं साडेसात म्हणालं की भाऊ कागदावर आठ लिहितो. स्वतःच्या कागदावर मात्र साडेचार.

हा दोष एकट्या परभणीचा नाही. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. त्याच संशोधनात दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणसं इतकी भाबडी राहिली नाहीत. भाऊचंही तसंच. पोराचं टाइमटेबल तो पोरासाठी करतो, स्वतःचं मात्र भावी उपजिल्हाधिकाऱ्यासाठी. ते साहेब पहाटे साडेचारला उठतीलच. अडचण एवढीच की ते अजून रुजू झालेले नाहीत.

आणि एकट्या भाऊला तरी का हसावं? २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आधी २८ एप्रिलला होती. ती ६ जुलैवर गेली, मग २५ ऑगस्टवर. त्याच दिवशी बँकेची आयबीपीएस परीक्षा निघाली, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि अखेर १ डिसेंबर उजाडला. एका पेपराला इतक्या तारखा. खुद्द लोकसेवा आयोगानंच ‘पुढच्या सोमवारपासून’ म्हटल्यावर भाऊनं कुणाचा आदर्श ठेवायचा? अशी तारीख पुढं गेली की अभ्यासिकेत हलकल्लोळ माजतो. कुणी रडकुंडीला येतं, कुणी गावाकडची गाडी धरतं. शांत असतो तो फक्त भाऊ. तारखा बदलण्याचा इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे? त्याच्या केबिनपुढं रांग लागते. तो एकेकाला कागद आखून देतो आणि त्या रात्री पोरांना झोप लागते.

नव्या पोरांपैकी एकाला एकदा राहवलं नाही. त्यानं गुपचूप भाऊचंच टाइमटेबल केलं, साध्या वहीच्या कागदावर, एकाच निळ्या पेनानं. उठणे ८:३०. चहा ११ ते १२. अभ्यास दुपारी तीन तास, सुरुवात ७३ व्या घटनादुरुस्तीपासून. पळणे नाही. स्टेटस नाही.

भाऊनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. पोरगं घाबरलं.

“सगळं बरोबर हाय,” भाऊ अखेर म्हणाला, “पण रेघा किती तिरक्या मारल्यास रे. आण इकडं, फेअर करून देतो.”