पाट्यांची साक्ष

गाडीचं कौतुक नेहमी पुढून सुरू होतं. जाळी, दिवे, बॉनेट, फार तर स्टिअरिंग. गाडीखाली उताणं पडून मागचे पाटे बघणारा माणूस एक तर मेकॅनिक असतो, नाही तर आमचा काचीगुड्याचा मामा.

मामाकडे एमजीबी आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात निघालेली ही स्पोर्ट्‌स कार. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी ती हैदराबादला आणली. त्यांच्या मुलांना नकोशी झाली, तेव्हा मामाला हवीशी झाली. गाडीची ऐट सगळी पुढून. मागे मात्र तिचा आणि मालट्रकचा कारभार एकच : एक आडवा अखंड ॲक्सल आणि दोन बाजूंना पाट्यांच्या दोन कमानी. आपली अँबेसेडरसुद्धा 2014 पर्यंत, शेवटची गाडी निघेपर्यंत, मागे असल्याच पाट्यांवर डुलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबडाया इलियटने बग्ग्यांना लंबगोल कमानी बसवल्या. स्पोर्ट्‌स कारने तोच वारसा गुपचूप पोटाखाली बाळगलाय.

मामाची गाडी मागून बसली होती. नवे पाटे परदेशातून मागवता येतात, असं सगळ्यांनी सुचवलं. पण नव्यांनी गाडी मागून उगाच उंच दिसते, हे मामाने कुठेतरी वाचलेलं. शिवाय ‘ओरिजिनल ते ओरिजिनल’ हा त्याचा बाणा. जे कुणाला दिसणारच नाही ते ओरिजिनल असून उपयोग काय, असं मामीने विचारलं. मामाने उत्तर दिलं नाही, पाटे खोलले.

राणीगंजच्या बाजूला एक उस्ताद आहेत. जन्म ट्रकच्या कमानींत गेलेला. त्यांनी दोन्ही कमानी फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या, एका टोकाच्या डोळ्यापासून दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणली आणि सुतळी ते पाटा हे अंतर मोजलं. डावीकडची कमान अजून बऱ्यापैकी वाक राखून होती. उजवीकडची जवळजवळ सपाट. उस्तादांनी चष्म्यावरून मामाकडे पाहिलं.

“साब, बाजू में कोई बैठतेच नईं क्या?”

मामा गप्प. पोलादाने चारचौघांत चुगली केली होती. चालक बसतो उजवीकडे. डावी सीट वर्षानुवर्षं रिकामी. गाडी बुटकी, एसी नाही, टप नसल्याने केसांची दैना आणि प्रत्येक स्पीडब्रेकर थेट मणक्याला लागतो, म्हणून मामी त्या गाडीत बसत नाही. शेजाऱ्यांनाही ठाऊक नसलेली ही गोष्ट उस्तादांनी सुतळीने वाचली.

पुढचं काम शांतपणे झालं. सेंटर बोल्ट काढला, पाट्यांवर खडूने नंबर टाकले, रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज उतरवला. मग तपासणी. डोळ्याजवळ आणि सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा असेल तर तो पाटा बाद. तिथे मायेला जागा नाही. सुदैवाने तडा नव्हता. मग पुन्हा वाक देणं. पाटा भट्टीत लाल करून नुसता वाकवला तर पोलादाचं पाणी उतरतं. पाटा दिसतो छान आणि महिन्याभरात पुन्हा बसतो. म्हणून वाक दिल्यावर तेलात बुडवायचा आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा पाणी द्यायचं. शेवटी पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस, तेही बेतानेच. पाटे एकमेकांवर थोडे घासतात म्हणून तर उसळी लवकर विरते. चाळीस वर्षांच्या संसारातही धक्के असेच जिरतात. मामी रोज थोडी घासते आणि घर शाबूत आहे.

नवे रबरी बुश बसले, पण नट उस्तादांनी लगेच आवळले नाहीत. गाडी आधी चाकांवर उभी करायची, वजन येऊ द्यायचं, मग आवळायचं. नाही तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं. भार येण्याआधी माणसाला पक्कं करू नये, हे मी तिथे मनात टिपून घेतलं.

मामाची पाट्यांची हौस आपल्या गाडीपुरती नाही. हैदराबादच्याच चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे, 1912 ची. सहाव्या निजामाने, महबूब अली खान यांनी, ती मागवली, पण ती पोचण्याआधीच ते गेले. मागे एकच उंच सिंहासनवजा बैठक आणि सगळं आयुष्य मिरवणुकीपुरतं. धाव म्हणाल तर मोजके काहीशे मैल. मामा तिथे जातो तो वाकून खालचे पाटे बघायला. मला त्या पाट्यांचं वाईट वाटतं. गादीवरचा निजाम एकटाच बसायचा, पण बैठक मध्यावर, त्यामुळे कुठली बाजू झुकली असं म्हणायचीही सोय नाही. सुतळी ताणली तरी ते काय सांगणार?

आमची गाडी आता पातळीत उभी आहे. निघताना उस्तादांनी बजावलं होतं, बराबर रखना है तो बाजू में किसी को बिठाओ. मामाने घरी येऊन हा तांत्रिक सल्ला म्हणून मामीपुढे मांडला.

“म्हणजे मी वजन म्हणून येऊ?” मामी म्हणाली. “त्यापेक्षा सोना मसुरीचं पोतं ठेवा. ते केसांची तक्रार करत नाही.”

“पोतं ओरिजिनल नाही,” मामा म्हणाला.

मामीने पदर खोचला. “अहो, ओरिजिनलचंच म्हणाल, तर कारखान्याने सीटा दोन दिल्या होत्या. आज आठवलं होय? टप घाला आधी, मग बघते.”

मामा टप शोधतोय. तोही त्याला ओरिजिनलच हवाय.