पॉडकास्टवाल्यांस सक्त ताकीद

ज्या गृहस्थास सभेत बोलावयास कोणी उभे करीत नाही, ज्याची पत्रे वृत्तपत्रांचे संपादक छापीत नाहीत, आणि ज्याने बोलावयास घसा खाकरताच घरची माणसे काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात अंतर्धान पावतात, त्याच्या उद्धारार्थ परमेश्वराने पॉडकास्ट नामक साधन निर्माण केले आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले; तेथपासून पुढे कित्येक दशके, आवाजाच्या वाटेने परक्याच्या घरात शिरू पाहणाऱ्यास आधी चाचणी द्यावी लागे, लिहिलेली संहिता दाखवावी लागे आणि नेमून दिलेली मिनिटे संपली की मुकाट्याने उठावे लागे. आता चाचणी नाही, संहिता नाही, उठविणारेही कोणी नाही. सबब ही ताकीद.

दाखल्यासाठी आमच्या काकांकडे वारंवार यावे लागेल. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आणि तालुक्यातील जुन्याजाणत्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करून ठेवाव्यात, असा अत्यंत स्तुत्य संकल्प त्यांनी सोडला. संकल्पाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार काकांविषयी आहे.

कलम पहिले, जागा. शहाबादी फरशीचा, उघड्या भिंतींचा दिवाणखाना पाहुण्यास बसविण्यास शोभिवंत खरा, परंतु तेथे प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा ऐकू येतो. ध्वनिमुद्रणास योग्य ती गाद्यांची खोली: जिथे गोधड्यांची चळत आहे, साड्यांचे कपाट उघडे टाकता येते आणि खिडकीस जाड पडदा आहे. पंखा बंद करावा, वैशाखातही करावा. फ्रिजची घरघर येत असल्यास तोही बंद करावा आणि स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेवावी, म्हणजे घराबाहेर पडताना फ्रिज पुन्हा चालू करण्याची आठवण आपोआप होते.

कलम दुसरे, माइक. तो तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा, कारण प, फ, ब, भ ही ओष्ठ्य व्यंजने थेट समोरून उच्चारली की हवेचा झोत पडद्यावर आदळतो आणि श्रोत्याच्या कानात सुतळी बॉम्ब फुटतो. पॉप फिल्टर लावल्यास हा उपद्रव कमी होतो. काकांच्या पहिल्याच वाक्यात ‘भूमी अभिलेख’ हे शब्द असतात, आणि ते वाक्य बदलण्यास काकांचा स्पष्ट इन्कार आहे.

हेडफोन कानाला लावल्याविना मुद्रण सुरू करू नये. पातळीदर्शक तांबड्या पट्ट्यात जाऊ देऊ नये. फाटलेला आवाज मागाहून धड करता येत नाही. दोन यंत्रांवर मुद्रण करावे. कारण विचारू नये.

आता मुख्य कलम, म्हणजे प्रास्ताविक. मराठी माणसास पाहुण्याचा परिचय करून देण्याची जी अनावर हौस आहे, तिने आमच्या व्याख्यानमालांचे, सत्कारांचे आणि लग्नांतील मंगलाष्टकांचेही नुकसान केलेले आहे. काका परिचयास बसले म्हणजे पाहुण्याचे गाव, गावाचा इतिहास, त्या गावी स्वतः काका केव्हा पैमाईशीस गेले होते आणि तेथील तत्कालीन तलाठ्याचा स्वभाव कसा होता, असा समग्र तपशील येतो. आणि ज्या ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्यास बोलावयास आणले आहे, तो बिचारा तोवर माइककडे पाहत राहतो. पुढे प्रश्न येतो. तो असा: “बहात्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडण्याच्या कामावर होतात, तेथे सुकडी मिळत असे, रेशनवर मिलो येत असे आणि पाझर तलावांची कामे निघाली होती, हे खरे आहे काय?”

म्हातारा म्हणाला, “व्हय.”

एवढ्यावर तो जबाब पुरा झाला.

काका, प्रश्नात उत्तर घालू नये हो! “त्या दिवशी सकाळी घरातून निघालात, तेव्हा बरोबर काय घेतलं होतं?” एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. माणूस थांबला की मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. चौथ्याच्या सुमारास तो पुन्हा बोलू लागतो, आणि जे बोलतो ते पहिल्या उत्तरापेक्षा बहुधा अधिक मोलाचे असते. काका शांततेस गैरहजेरी समजतात आणि ती तत्काळ भरून काढतात.

संगीताविषयी एक गैरसमज सर्वत्र रूढ आहे: गाण्याचा तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा खुशाल वापरावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सवलत कोठेही नाही. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या पश्चातही साठ वर्षे. काकांनी निवडलेले भावगीत त्यामुळे बाद झाले. मग काकूंनी पेटीवर भूप वाजविला. रागावर कोणाची मालकी नाही, निदान सातबाऱ्यावर तशी नोंद नाही.

‘दर आठवड्यास एक भाग’ अशी घोषणा करण्यापूर्वी चार भाग तयार असावेत.

शेवटचे कलम मात्र काटेकोरपणे पाळावे. “मुद्रण समाप्त” असे जाहीर केले तरी पाहुणा उंबरठा ओलांडीपर्यंत यंत्र बंद करू नये. त्या दिवशी काका बंद करावयास विसरले. काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, “मिलोची भाकरी थापता तरी यायची का हो, दादा?” म्हातारा खुलला. पहिल्या दिवशी आईने ती भाकरी गाईपुढे धरली, गाईने हुंगून तोंड फिरवले, “आमाला कुठं फिरवाया येत हुतं?” असे म्हणून तो हसला, आणि पुढे कितीतरी वेळ बोलत राहिला. काका त्या अवधीत एकदाही बोलले नाहीत. असे मागाहूनचे बोलणे वापरण्यापूर्वी पाहुण्यास सांगून त्याची संमती घ्यावी. काकांनी ती लेखी घेतली, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

तरीही हा भाग ‘विषयांतर’ म्हणून कापण्याची त्यांची तजवीज होती. काकूंनी ती हाणून पाडली. वाचकांनी तो अवश्य ऐकावा. प्रास्ताविक सोडून द्यावे आणि कपबश्यांचा आवाज येतो तेथून सुरुवात करावी.