रोमिंगचे बिल यथासांग वाढविण्याचे शास्त्र

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात, असा जुन्या ग्रंथकारांचा दंडक असून त्याला अनुबंधचतुष्टय असे म्हणतात. प्रस्तुत शास्त्राचा विषय रोमिंग हा आहे. आपल्या मोबाइल कंपनीचे जाळे जेथे पोचत नाही, अशा परदेशात तेथील कंपनीच्या जाळ्यावर आपलाच क्रमांक चालविण्याची सोय म्हणजे रोमिंग. सहलीहून परतलेल्या प्रवाशास सहलीच्या खर्चाशेजारी मांडल्यास संकोच वाटू नये, एवढ्या रकमेचे बिल मिळवून देणे हे या शास्त्राचे प्रयोजन होय. संबंध येथे ग्राहक आणि कंपनी यांच्यातला असून तो बिल हाती येईपर्यंत सलोख्याचा असतो, एवढे सांगितले तरी पुरे.

अधिकाऱ्याचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. असे बिल उधळ्या माणसाला येत असावे, हा सार्वत्रिक समज निराधार आहे. उधळा माणूस निघण्यापूर्वी फारशी चौकशी न करता दिसेल तो पॅक घेतो आणि ती गोष्ट विसरून जातो, त्यामुळे तो या शास्त्राला अपात्र ठरतो. याचा खरा अधिकारी काटकसरी माणूसच होय; कारण पुढील विवेचनावरून दिसेल की, बिलातील प्रत्येक मोठी रक्कम काही ना काही वाचविण्याच्या प्रयत्नातूनच उभी राहते. अशा अधिकारी स्त्री-पुरुषांस येथून पुढे साधक म्हटले आहे.

२. पूर्वपीठिका

साधकाची मनोभूमिका समजण्यासाठी भारतीय दूरध्वनीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. परदेशी फोन करण्याची सोय विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीच्या हाती २००२ पर्यंत होती, आणि त्या काळात परदेशी बोलणारा मनुष्य आधी कागदावर मुद्दे काढून, घड्याळ समोर ठेवून आणि अंतराच्या प्रमाणात आवाज चढवून बोलत असे. याच काळात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. परंतु सुरुवातीच्या त्या वर्षांत आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत, म्हणून लोक नाव पाहून फोन कापत आणि जवळच्या एसटीडी बूथवरून उलट फोन करीत. फोन करणाऱ्यानेच पैसे भरावेत ही पद्धत २००३ साली रूढ झाली, ‘इनकमिंग फ्री’ हे शब्द घरोघरी पोचले आणि त्याबरोबर घड्याळ समोर ठेवण्याची सवय गेली. आवाज चढविण्याची सवय तेवढी राहिली; ती निरुपद्रवी आहे, कारण आवाजावर आकार पडत नाही.

ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, रोमिंगच्या प्रदेशात २००३ पूर्वीचा भारत अद्याप अस्तित्वात आहे. पॅक नसलेल्या साधकास तेथे केलेल्या फोनचेही पैसे पडतात आणि आलेल्या फोनचेही.

३. पूर्वतयारी

प्रथम साधकाने पोस्टपेड जोडणी घ्यावी. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की साधना तेथेच खंडित होते, तर पोस्टपेडमध्ये ती परतल्यानंतरही काही दिवस वाढत राहते. कारण परदेशातील यजमान कंपनी प्रत्येक फोनची वेळ, कालावधी आणि आकार यांची नोंद करून ती भारतातील मूळ कंपनीकडे पाठविते आणि या नोंदी पोचण्यास विलंब लागू शकतो.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय रोमिंगचे पॅक पाहावेत, त्यांच्या किमतीची इथल्या महिनाभराच्या रिचार्जशी तुलना करावी, ‘एवढ्यात तर इथे तीन महिने निघतात’ असे उद्गार काढावेत आणि पॅक घेऊ नये. तुलना ज्या दराशी करायला हवी, तो परदेशातला विनापॅक दर कंपनीच्या संकेतस्थळावर देशवार दिलेला असतो. तो तक्ता उघडणे साधनेस घातक आहे. पॅक न घेता केवळ रोमिंगची सेवा सुरू करून घेतली म्हणजे ‘रोमिंग केलेले आहे’ असे सहप्रवाशांना सांगता येते, आणि ते खरेही असते.

४. आगमन व इनकमिंग

विमान उतरताच फोन सुरू करावा. फोन स्थानिक जाळ्याला सिमवरील पंधरा अंकी ओळखक्रमांक सादर करतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात आणि भारताचे ४०४ व ४०५ असे आहेत. यजमान कंपनी भारतातील मूळ कंपनीकडे विचारणा करते, मूळ कंपनी ग्राहक आपलाच असल्याची ग्वाही देते आणि काही क्षणांत स्वागताचा एसएमएस येतो, ज्यात त्या देशातील दर लिहिलेले असतात. जाहिरातींच्या सवयीमुळे एसएमएस न वाचणे हा साधकाचा स्वभावच बनलेला असल्याने येथे वेगळ्या प्रयत्नाची गरज नाही.

आता आपण फोन करू नये, कारण आउटगोइंग महाग असते हे साधक जाणून असतो. त्याने पुण्यातील मुलाला मिस्ड कॉल द्यावा आणि त्याच्या फोनची वाट पाहावी. या युक्तीचे मर्म असे आहे की, मुलाने लावलेला फोन प्रथम भारतातील मूळ कंपनीकडे जातो आणि तेथून परदेशी पाठविला जातो. मुलाला आपला फोन भारतातल्या भारतात लागल्यासारखाच असल्याने त्याच्या अमर्याद पॅकमधून एक पैसाही जात नाही, आणि देशाबाहेरच्या टप्प्याचा भार, तो प्रवास करणाऱ्यामुळे उद्भवला या न्यायाने, साधकाच्या बिलावर पडतो. मुलाला घाई नसते. तो दूधवाला, गच्चीतली गळती आणि मिक्सरच्या भांड्याचे हरवलेले झाकण या विषयांवर सावकाश बोलतो आणि ‘आजीला देतो’ म्हणतो. आकारणी मिनिटाच्या हिशोबाने होत असेल, तर एक मिनिट दोन सेकंदांचा फोन दोन मिनिटांचा धरला जातो, त्यामुळे निरोप घेताना ‘बरं, ठेवू का मग?’ हा प्रश्न परस्परांना किमान दोनदा विचारावा.

याहून प्रगत प्रयोग म्हणजे कॉल वळविणे. आपण फोन उचलला नाही तर तो घरच्या क्रमांकावर जावा, अशी सोय साधकाने निघण्यापूर्वी करून ठेवल्यास, पुण्याहून आलेला फोन भारतातून पॅरिसला जातो, तेथे वाजून निराश होतो आणि भारतात परत वळविला जातो. अशा रीतीने जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही आकार लागू शकतात आणि साधकाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

भारतीय सिम दिवसरात्र चालू ठेवण्यास साधकापाशी रास्त कारण असते, ते म्हणजे बँकेचा ओटीपी, आणि आलेल्या एसएमएसचा आकार सामान्यतः पडत नाही हेही खरे आहे. मात्र ओटीपीसाठी उघडे ठेवलेल्या दारातून कर्ज देऊ इच्छिणारेही आत येतात. उन्हाळ्यात पॅरिसची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणून भारतात सकाळी दहाला उघडलेल्या कचेरीतून वैयक्तिक कर्जाची विचारणा साधकाला पहाटे साडेसहाला येते, आणि अर्धवट झोपेत ‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत एक मिनिट पूर्ण होते.

५. परस्परसंवाद

दांपत्याने एकाच सहलीत असणे साधनेस विशेष अनुकूल असते. आयफेल टॉवरखाली गर्दीत चुकामूक झाली की पतीने पत्नीच्या भारतीय क्रमांकावर फोन करावा. हा फोन पॅरिसहून भारतात जातो आणि भारतातून पुन्हा पॅरिसला येतो. पतीला भारतात केलेल्या आंतरराष्ट्रीय फोनचा आणि पत्नीला परदेशात आलेल्या फोनचा आकार पडतो. ‘अहो, मागे बघा, मी तुमच्या मागेच उभी आहे’ हे वाक्य दोघांमधले दहा पावलांचे अंतर असे हजारो किलोमीटरच्या फेऱ्याने कापते, आणि दोघांची बिले एकाच घरात येत असल्याने लाभही बाहेर जात नाही.

६. डेटा

फोनमधील ‘डेटा रोमिंग’ हे बटण बंद असल्यास या प्रकरणातील काहीही घडत नाही, म्हणून ते चालू असल्याची खात्री करावी. विनापॅक डेटाच्या आकारणीचे स्वरूप लक्षात यावे म्हणून, निव्वळ उदाहरणादाखल, दर १० केबीला ५ रुपये असा दर गृहीत धरू. केबी हे माहितीचे अगदी लहान माप असून १,०२४ केबी मिळून एक एमबी होतो. फुलाचे चित्र असलेला २०० केबीचा ‘शुभ सकाळ’ या दराने १०० रुपयांना पडतो. कुटुंबाच्या गटात पंधरा सदस्य असून प्रत्येकाची सकाळ शुभ झाल्यास एका सकाळचे १,५०० रुपये होतात. कुण्या भाच्याने पाठविलेली १६ एमबीची चित्रफीत पाहण्यापूर्वीच ८,००० रुपयांच्या पुढे जाते, कारण फोन ती आपण होऊन उतरवून घेतो. साधकाने काढलेली छायाचित्रे रात्री आपोआप साठवणीसाठी वर चढविली जातात आणि ॲप स्वतःला अद्ययावत करतात. ही साधना निद्रावस्थेतही चालते, म्हणून ती श्रेष्ठ मानावी.

७. सीमा व सागर

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार रद्द केला आणि २०२२ साली हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढविला, ही बातमी साधकाने ऐकलेली असते. मात्र हा नियम संघातील देश आणि नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन यांसारखे काही देश येथील सिमधारकांसाठी आहे, भारतीय सिमला त्याचा उपयोग नाही, हा तिचा उत्तरार्ध त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. थोडा अधिक माहितगार साधक पॅरिसमध्ये फ्रेंच सिम घेतो आणि एकाच सिममध्ये सारा युरोप होईल या हिशोबाने निश्चिंत होतो. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही आणि या नियमातही नाही, त्यामुळे त्या कंपनीने स्वतःहून तो देश आपल्या योजनेत घेतलेला नसल्यास टिटलिसच्या बर्फातून घरी केलेल्या व्हिडिओ कॉलची किंमत वेगळी लागते. ल्युसर्नहून वाडुझमार्गे इन्सब्रुकला जाणाऱ्या बसमध्ये तर नियमाबाहेरचा देश सोडून नियमातल्या चिमुकल्या लिख्टेनश्टाइनमध्ये, आणि तेथून नियमातल्याच ऑस्ट्रियात प्रवेश होतो, आणि हे सर्व साधक डुलकीत असताना घडते. जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर तर बसचीही गरज नाही. पलीकडच्या काठावरील स्विस मनोरा जोरकस असल्यास फोन जागच्या जागी देश बदलू शकतो.

समुद्रपर्यटन करणाऱ्यास याहून मोठी संधी मिळते. जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्यावरील जाळे उपग्रहामार्फत चालते आणि त्याची ओळख ९०१ या, कोणत्याही देशाच्या नसलेल्या जाळ्यांसाठी राखलेल्या आकड्याने होते. देशवार पॅकच्या यादीत हा देश नसलेला देश पुष्कळदा नसतो, आणि उपग्रहाचा दर जमिनीवरच्या दरापेक्षा चढा असतो. काही विमानांतही हीच व्यवस्था असते, म्हणून एअरप्लेन मोड विसरणारा साधक ढगांतही रिकाम्या हाताने बसत नाही.

८. विघ्ने व त्यांचे निवारण

साधनेत येणाऱ्या विघ्नांपैकी पहिले हॉटेलचे वायफाय होय. त्यावरून घरी विनामूल्य बोलता येते, म्हणून काटकसरी साधक सर्व फोन लॉबीतूनच करतो आणि बिल वाढेनासे होते. दुबईत हे विघ्न सौम्य आहे, कारण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात पण कॉलवर निर्बंध आहेत; तेथे साधक दोनचार वेळा प्रयत्न करून अखेर नेहमीच्या फोनकडे वळतो. दुसरे विघ्न ई-सिम, म्हणजे प्लास्टिकचे सिमकार्ड न घालता फोनमध्ये उतरविता येणारी स्थानिक जोडणी. यात डेटासाठी परदेशी जोडणी आणि ओटीपीसाठी भारतीय सिम अशी वाटणी होते व बिल जवळपास नाहीसे होते. परंतु डेटा कोणत्या सिमवरून जावा, हे फोनला सांगण्याचे राहून गेल्यास निवारण आपोआप घडते.

तिसरे आणि सर्वांत मोठे विघ्न म्हणजे मुलांनी परस्पर विकत घेऊन दिलेला पॅक. येथे साधक खचून जाईल असे वाटते, परंतु त्याची काटकसर त्याच्या मदतीला धावून येते. शंभर मिनिटांचे पैसे भरले आहेत म्हटल्यावर ती वसूल करणे क्रमप्राप्त ठरते. मग साताऱ्याच्या मावशीपासून सोसायटीच्या चिटणिसापर्यंत ज्यांना एरवी वर्षभरात फोन केला नसता, त्या सर्वांना परदेशातून खुशाली कळविली जाते. आलेले फोनही याच शंभरांत मोजले जाऊ शकतात, आणि पॅकचा दिवस म्हणजे चोवीस तास की भारतीय वेळेची तारीख, हे फक्त अटींत लिहिलेले असते. एकशे एकाव्या मिनिटापासून साधना पूर्ववत सुरू होते, आणि या वेळी पॅकची किंमतही तिच्या खाती जमा असते.

९. फलश्रुती

योग्य काळ लोटल्यानंतर बिल येते. त्यात प्रत्येक फोनचा दिनांक, वेळ आणि मिनिटे दिलेली असतात, आणि अखेरीस सगळ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. साधकाने ग्राहक सेवा केंद्रास फोन करावा. तेथील मनुष्य नम्रपणे स्वागताच्या एसएमएसची तारीख आणि वेळ सांगतो, आणि हा फोन विनामूल्य असल्याने साधक त्यावर पाऊण तास बोलतो. नंतर मुदतीनंतरचा दंड चुकविण्यासाठी तो शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, कोणत्या ॲपवरून भरल्यास सवलत मिळते याचा पूर्ण तपास करून, सारी रक्कम एकरकमी भरतो, आणि पंचवीस रुपयांचा कॅशबॅक मिळाल्याचे घरात सर्वांना सांगतो.