निम्म्या किमतीचे काका

पुण्यात इंजिनिअरिंगची सुरुवातही एबीसीपासूनच होते. एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक. पेशवाईतल्या एका सरदाराचं नाव लावणारा हा चौक आता पुस्तकांच्या ताब्यात आहे. त्यातल्या कुठल्याही दुकानात शिरा, थप्प्यांच्या आडून फक्त चष्मा दिसेल अशा बेताने काका बसलेले असतात. दुकानं बदलतात, काका तेच.

काकांच्या डोक्यावर पाटी असते : ‘जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेतली जातील.’ या पाटीतला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त निम्मं कशाचं, तेवढं लिहायला रंग पुरलेला नाही.

नवं पुस्तक घेताना काका उदार असतात. छापील किमतीवर पंधरा टक्के सूट. ३५० रुपयांचं पुस्तक २९७ रुपये ५० पैशांना पडतं. काका ३०० घेतात, कारण सुट्टे नसतात. अडीच रुपयांसाठी वाद घालावा, तर मागे वीस पोरांची रांग असते आणि त्यांतली निम्मी ओळखीची निघतात.

खरे काका दिसतात ते पुस्तक परत द्यायला गेल्यावर. बैलबाजारातला दलाल जनावराचे दात बघतो, तसे ते पुस्तक बघतात. पुठ्ठा वाकवतात, शिवण चाचपतात, अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडतात. पहिल्या पानावर नाव असेल तर पाच रुपये गेले. पेन्सिलीच्या खुणा असतील तर दहा. पेनाच्या खुणा असल्या तर काका काही बोलत नाहीत, चष्मा काढून पुसतात. पोरगं घाबरून स्वतःच भाव उतरवतं.

एवढ्यातून पुस्तक सुटलं, तर काका शेवटचं अस्त्र काढतात, “कुठल्या पॅटर्नचं?”

पुणे विद्यापीठाने इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम २००८, २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असा बदलत नेला. इतरांसाठी ही नुसती सालं, काकांसाठी हे शक आहेत. थोरलीचं लग्न २००८ पॅटर्नमध्ये झालं, धाकटा २०१५ पॅटर्नला बेंगळुरूला गेला, गुडघे दुखायला लागले ते २०१९ पॅटर्नपासून, असा त्यांचा हिशेब. पॅटर्न बदलला की कालचं पुस्तक आज रद्दी. लाप्लास १८२७ साली वारले, फूरिए १८३० साली. त्यानंतर दोघांनी काही नवीन केल्याचं ऐकिवात नाही. पण त्यांची तीच समीकरणं जुन्या पॅटर्नच्या पुस्तकात असली की काका ती किलोवर घेतात आणि नव्या पॅटर्नच्या पुस्तकात असली की नव्याच्या भावाने विकतात.

मध्यंतरी लॉ कॉलेजच्या एका मुलीने काकांना गाठलं. भाऊ सेकंड इयरला, पुस्तक जुन्या पॅटर्नचं निघालेलं, आणि बिलावर ठसठशीत छापलेलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तिने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ असा काही म्हणून दाखवला की रांगेतली पोरं मोबाइल खिशात ठेवून ऐकायला लागली. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरायचे, वगैरे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, पुस्तकात एक पान कमी दाखवा, आत्ता पैसे देतो. दोष पुस्तकात नाहीये, पॅटर्नमध्ये आहे. तो विद्यापीठाकडे परत करा.”

काका ज्ञान विकतात असा काहींचा समज असतो. काका तारीख विकतात. पेपरच्या आदल्या संध्याकाळी जे पुस्तक मिळता मिळत नाही, तेच पेपर सुटल्यावर दुपारी दोन वाजता कुणी फुकट घेत नाही. पानं तेवढीच, गणितं तीच. एक मात्र खरं, कुठलं युनिट सोडलं तरी चालेल हे काका कुठल्याही प्राध्यापकापेक्षा खात्रीने सांगतात. हा सल्ला फुकट असतो. तोही परत घेतला जात नाही.

मी सेकंड इयरला असताना एम-थ्रीचं, म्हणजे तिसऱ्या गणिताचं, पुस्तक काकांकडून ३०० ला घेतलं. वर्षभर त्यात पेन्सिलीने खुणा केल्या. कळलं तिथे रेघ, नाही कळलं तिथे दोन रेघा, आणि काहीच कळलं नाही तिथे चांदणी. पेपर झाला त्याच दुपारी पुस्तक घेऊन काकांसमोर उभा राहिलो.

“निम्मे म्हणजे १७५ ना, काका?”

“आम्ही विकणार २१० ला. त्याचे निम्मे १०५. नावाचे पाच, खुणांचे दहा. हे घ्या नव्वद.”

नव्वद रुपयांत आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली आणि एम-थ्रीचे दिवस घातले. महिन्याभराने निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, एम-थ्री राहिला.

पुन्हा एबीसी. पुन्हा काका. मान खाली घालूनच म्हणालो, “एम-थ्री, जुनं असेल तर.”

काकांनी थप्पीतून एक पुस्तक काढलं आणि आवाज उतरवला. “खास तुमच्यासाठी ठेवलंय बघा. टॉपरचं पुस्तक आहे. काय खुणा केल्यात पोराने! या चांदण्या बघा. एवढं केलंत तरी सुटतो.”

चांदण्या ओळखीच्या होत्या. पहिल्या पानावर किमतीची चिकटी होती, २१० रुपये. नखाने कोपरा उचलला, तर खालून माझंच आडनाव डोकावलं. ३०० दिले, ९० आले, आता २१० चालले. ३५० रुपयांच्या पुस्तकाला मी एकूण ४२० मोजत होतो. हा आकडा मी जुळवून आणलेला नाही, पुन्हा बेरीज करून बघा.

मी चिकटी काकांसमोर धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे बघितलं, मग आडनावाकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुस्तक खाकी पिशवीत घालून माझ्या हातात देत म्हणाले,

“या खेपेला जरा नीट खुणा करा. पुढच्या पोराला उपयोग होतो.”