चाळीस साखळ्यांची गाडी

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले लोक दोन प्रकारचे. काही देवळाच्या ओट्यावर बसून सरकार चालवतात, काही अंगणात गाडी बांधतात. कामरगावचे आमचे काकाजी दुसऱ्यांतले. फंडाचे पैसे आले की माणूस स्लॅब टाकतो. काकाजींनी भंगारातली मारुती 800 आणली आणि तिच्या पोटात एस्टीमचं 1300 सीसीचं इंजिन बसवलं.

ही मारुती मूळची 796 सीसीची, तीन सिलिंडरची. हलक्या अंगात मोठं इंजिन घालायचा हा खेळ शहरातल्या गॅरेजवाल्यांना जुना आहे. कामरगावात तो नवा होता. इंजिनाची फाउंडेशन नव्यानं वेल्ड झाली, रेडिएटर मोठा आला, बॉनेट बसेना म्हणून मधोमध कापलं. मग मागची सीट गेली, टपाचं अस्तर गेलं, हॉर्नही गेला. "वजन म्हंजे दुश्मन," असं काकाजी सांगतात. सांगणाऱ्याचं स्वतःचं वजन नव्वद किलो, पण ते विचारायची हिंमत फक्त काकूंची.

सकाळी बनियनवर त्यांना पाहावं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"काय म्हंते काकाजी?"

"तिसरं टॅपेट वाजते. इंजिन बोलते गा, आयकाले कान पायजे."

लगेच बॉनेट उघडं, पाने बाहेर आणि दिवस सत्कारणी. काकू म्हणतात, "बसस्टँडवर सोडा म्हटलं त म्हंते, आज टायमिंग धरत नाई. चाळीस वर्सं दुसऱ्याच्या गाड्या वेळेवर सोडल्या, घरची एक सुटत नाई."

मुळात गाडी कुठं जाण्यासाठी नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे परस्पर बदल चालत नाहीत. त्यामुळे जवळच समृद्धी महामार्ग असला तरी काकाजींची धाव सोयाबीन निघाल्यावर स्वतःच्याच वावरात. ड्रॅग रेस पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं. निवृत्त तलाठी मित्रानं 33 फुटी साखळीनं मोजून दिलं: बरोबर चाळीस साखळ्या. नातू स्टॉपवॉच धरतो. वेळ चांगली आली की काकाजींचं ट्यूनिंग, वाईट आली की नातवाचं बोट.

धुऱ्यावर बसलेला म्हातारा धुरकरी मात्र खवचट. सात-आठ वर्षांच्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये बैलांच्या शर्यतींना, म्हणजे आमच्याकडच्या पटाला, पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हापासून त्याची कळी खुललेली. "आमच्या जोडीले पटावर ढकला लागत नाई," एवढंच म्हणतो आणि तंबाखू मळतो.

काकाजींची दैवतं दोन. एक शकुंतला रेल्वे: 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत मूर्तिजापूर–यवतमाळ ओढत होतं, कारंज्यावरून. "ते जुनं नोतं काय?" हा त्यांचा हुकमी सवाल. दुसरे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार. त्यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली आणि 2022 मध्ये आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. या गोष्टीचा शेवट तेवढा काकाजींना पटत नाही. "चालू गाडी देऊन नवी घेतली. नव्या गाडीत खोलाचं काय?"

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातलं खरं वाक्य हेच. गाडी पूर्ण झाली तर काकाजी दुसऱ्याच दिवशी आजारी पडतील, हे काकूंनाही ठाऊक आहे. म्हणून त्या कुरकुरतात, पण किल्ली लपवत नाहीत.

कामरगावला आलात आणि काकाजींनी "बसा" म्हटलं, तर नाही म्हणू नका. फक्त चप्पल नको, बूट घालून या. येताना ढकलावी लागते.