चकाकते ते सारे मेण

दसरा जवळ आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका विशिष्ट जातीचा पुरुष दिसू लागतो. गुडघ्यापर्यंतची चड्डी, गणेशमंडळाचा जुना टीशर्ट, हातात बादली आणि चेहऱ्यावर 'यंदा मी स्वतः करणार' असा भाव. एरवी चहाचा कप विसळायचा म्हटला तरी या इसमाची पाठ भरून येते. यंदा तो इसम मी होतो.

सिरॅमिक कोटिंगचा आकडा ऐकून मी स्वावलंबी झालो, हे खरं कारण. पण कामाला हात घालण्यापूर्वी अभ्यास करायचा, हा आमच्या घराण्याचा दोष. त्यातून कळलं ते असं: गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. गाडीची सगळी ऐट त्या वरच्या थरात, आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. माझ्या डोक्यावर अंदाज घेण्याइतकं भांडवल उरलेलं नसल्यामुळे बायकोच्या फणीतला एक केस काढून खिडकीशी उजेडात धरला. तो धड दिसेपर्यंत चष्मा तीनदा पुसावा लागला. याहून पातळ वस्तूवर आपण कर्जाचे हप्ते भरतो आहोत!

त्यानंतर मला मामांकडे पाहवेना. मामा पहाटे सगळ्या गाड्या पुसतात. माणूस अत्यंत कष्टाळू. पण बादली एक आणि फडकंही एकच. आमच्या गाडीपाशी येईपर्यंत त्या पाण्याला रंग, वास आणि इतिहास आलेला असतो. फडक्यात अडकलेली रेती रोज नेमाने गोल गोल फिरते. उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं अख्खं जाळं दिसतं. असल्या रेघा रस्त्यावर पडत नाहीत, पुसण्यात पडतात. तेव्हा गाडी पुसूच नये, हा मी काढलेला निष्कर्ष घरात एका मताने फेटाळला गेला. मत बायकोचं होतं.

शास्त्राप्रमाणे बादल्या दोन लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, रेती तळाशी बसू द्यायची आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. सुरुवात टपापासून, चाकं शेवटी. दोन बादल्या पाहून सेक्रेटरी तातडीने खाली आले. 2024च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना 5000 रुपये दंड ठरला होता. तेव्हापासून आमचे सेक्रेटरी त्या शहराचं नाव पंढरपूरच्या बरोबरीने घेतात. त्यांना टँकरची पावती दाखवावी लागली. त्या टँकरच्या पाण्यात क्षार इतके, की गाडी लगेच कोरडी केली नाही तर थेंब जिथे वाळेल तिथे पांढरं कडं उमटतं.

तोवर बी विंगमधले काका खुर्ची टाकून बसले होते. "भांड्यांचं लिक्विड घाल. कढईचा चिकटा जातो, तुझी गाडी काय घेऊन बसलास?" चिकटा जातो हे खरं, पण गाडीवर मेण असेल तर तेही त्याच वाटेने जातं. "मग रॉकेल," काका म्हणाले. काकांच्या औषधपेटीत रॉकेलच्या पुढे काही नाही.

पॉलिश आणि मेण ही एकच गोष्ट, असा माझा जन्मभराचा समज होता. पॉलिश म्हणजे चक्क खरवडणं. गॅरेजात त्याला रबिंग म्हणतात. त्याने ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळाला आणून बसवतात. एकाचा पगार कमी पडला म्हणून सगळ्या ऑफिसची पगारकपात! मायक्रॉनचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून मी हे काम इतक्या हळुवारपणे केलं, की काकांचा एक डोळा लागला.

मेण मात्र वर चढवायचं असतं. माझ्या डबीतलं ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं, कार्नोबा नावाचं. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला हेच वापरतात, असं लेकीला सांगितलं, तर ती बॉनेट चाटायला निघाली. गाडी सावलीत, पत्रा थंड आणि मेण बोटाच्या पेराएवढं. ते फिरवल्यावर पत्रा धुरकट होतो. थोड्या वेळाने बोट ओढून पाहायचं: रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं, फरफटली की थांबायचं.

"अरे, सढळ हाताने लाव की! गाडीला लावतोयस का कपाळाला?" काका जागे झाले होते. जाड थापलेलं मेण जास्त चमकत नाही, फडक्यात जातं, हे त्यांना पटवण्यात अर्धं दार सुकलं.

पण चकाकी आली! तांब्याभर पाणी ओतलं तर थेंब थेंब होऊन पळत सुटलं. मी ते सगळ्यांना दाखवलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

दसऱ्याला सकाळी आई तबक घेऊन खाली आली. पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवून तिने बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ जागच्या जागी आक्रसली, तिचे चार लाल थेंब झाले आणि ते ओळीने नंबरप्लेटकडे निघाले. दुसरी रेघही त्याच मार्गाने गेली.

"कसली रे ही गाडी, कुंकू धरत नाही!"

मी पृष्ठताण समजावू लागलो. बायको म्हणाली, तेवढ्या जागेचं मेण नखाने काढू या. मी मायक्रॉन मायक्रॉन म्हणून ओरडलो. काका म्हणाले, "रॉकेल."

आईने शांतपणे विचारलं, "मारुतीच ना ही?"

"हो."

"मग पाणी काय घेऊन बसलायस? मारुतीला शेंदूर तेलातून लागतो." आणि नातीला वर पिटाळलं, "जा गं, शेंदूर आण. आणि गोडेतेलाची वाटी."

"सढळ हाताने आण," काका म्हणाले.